लाईन गेल्यावर डीप फ्रीजरमधला सीताफळाचा गर चालते का?

बांधावरची_सीताफळं:
नमस्कार, यवतमाळ जिल्ह्यातून. सीताफळाचा गर काढून अर्ध्या किलोच्या पिशव्या फ्रीजरात भरल्या आहेत. काल संध्याकाळी गावातली डीपी जळली ते आज दुपारी लाईन आली, मधात कोणी झाकण उघडलं नाही. आता खालच्या पिशव्या दगड आहेत, वरच्या दाबल्या तं मऊ लागून राहिल्या पण आतून बर्फाची कचकच आहे, अन् काहींचा रंग तपकिरी झाला. सासूबाई म्हणतात उकळून ठेव. पोरीच्या बारशाला बासुंदी करायची आहे, लेकरं-म्हातारे सगळे खातील म्हणून विचारून राहिली.

वऱ्हाडी_सुगरण:
झाकण उघडलं नाही हे लय चांगलं केलं ताई. गच्च भरलेला फ्रीजर बंद राहिला तं 48 तास थंडी धरते, अर्धा भरलेला 24. बर्फाची कचकच आहे न, मंग बिनधास्त परत गोठवा, गर थोडा पाणी सोडते बस. मऊ पिशव्या वेगळ्या ठेवा, बासुंदीत त्याच आधी घाला. एखादी पूर्ण पातळ अन् कोमट झाली असली तं मोह धरू नका, गोठवल्याने जंतू मरत नाहीत, नुसते थांबतात, वितळलं का पुन्हा वाढतात. उकळू नका बाप्पा, सीताफळ तापवलं का कडू होते! दूध आटवून पूर्ण गार झालं का मगच गर टाका.

संत्राबाग_अमरावती:
रंगाचं टेन्शन नको, कापलेलं सफरचंद काळं पडते तसंच ते, हवा लागली म्हणून. पुढच्या खेपेला थोडं लिंबू पिळा अन् पिशवीतली हवा दाबून काढा. पांढरे कोरडे चट्टे पडले तरी खायला चालते, चव जाते. खराब म्हणजे पिशवी फुगलेली, मोहाच्या दारूसारखा आंबूस वास, फेस नाहीतर बुरशी. पण वास आला नाही म्हणजे चांगलंच असं समजू नका, किती वेळ गरम राहिलं ते पाहा, अन् शंका असली तं चाखून तं बिलकुल पाहू नका.

रानातला_मास्तर:
एक सोपं काम करा, वाटीत पाणी गोठवून वर रुपयाचं नाणं ठेवा अन् वाटी फ्रीजरातच राहू द्या. तुम्ही गावाला असताना लाईन गेली अन् परत आली तरी समजते, नाणं बुडालेलं दिसलं का मधात सगळं वितळलं होतं. आमच्याकडे रात्रीची लाईन कधी जाते पत्ताच लागत नाही, म्हणून सांगतो. अन् साध्या एका दाराच्या फ्रिजमधल्या बर्फाच्या कप्प्यात वर्षभराचा गर ठेवू नका, त्याला उणे 18 पाहिजे, तेवढी थंडी तिथं राहत नाही.

बांधावरची_सीताफळं:
सगळ्यांचे लय आभार. कोपऱ्यातली एक पिशवी फुगलेली निघाली, आंबूस वास आहे. गाईला घालू का?

वऱ्हाडी_सुगरण:
नका घालू, आंबलेल्याने ढोराचं पोट फुगते. उकिरड्यात खड्डा करून पुरा, अन् त्या पिशवीचं पाणी बाकीच्यांना लागलं असलं तं त्या बाहेरून धुऊन पुसून लगेच परत ठेवा.