बालकासारखा स्वीकार म्हणजे डोकं बाजूला ठेवणं का?

प्रश्न (जिज्ञासू):
बायबलमधलं मार्क १०:१५ सांगतं, देवाचं राज्य बालकासारखं स्वीकारलं नाही तर त्यात प्रवेश नाही. डोंगरावरचं प्रवचन (मत्तय ५ ते ७) वाचताना एकही शब्द अडत नाही, पण ‘शत्रूंवर प्रीती करा’ इथे मन अडतं. मुकाट्याने मान्य करायचं, असा याचा अर्थ घ्यायचा का?

पानोपान:
नाही. वचन सुटं काढून वाचलं की हा घोळ होतो. हेच वचन लूक १८ मध्येही आहे, तो अध्याय सलग वाचा. आधी परूशी (धर्मनियम काटेकोर पाळणारा यहूदी) येतो, आठवड्यातून दोनदा उपास आणि दशमांश (उत्पन्नाचा दहावा भाग दान) असा हिशेब देवाला ऐकवणारा. नंतर येतो श्रीमंत अधिकारी, लहानपणापासून आज्ञा पाळलेला. या दोघांच्या मधे येशूकडे आणलेली मुलं. लूकने ग्रीक शब्द वापरलाय ‘ब्रेफॉस’, म्हणजे तान्हं बाळ. तान्ह्याला कसली शंका आणि कसली खात्री! त्याच्याकडे दाखवायला काही नसतं, मुद्दा तेवढाच. हात रिकामे हवेत, डोकं नव्हे. १ करिंथ १४:२० मध्ये प्रेषित पौल उघडच म्हणतो की दुष्टपणात बालकं व्हा, समजुतीत प्रौढ व्हा. हे वचन गाळून लोकांना गप्प बसवणारे पुष्कळ!

साधीवाट:
खरी अडचण सोपेपणाचीच असते. २ राजे ५ मधला नामान, अरामचा कुष्ठरोगी सेनापती, बरं व्हायला दहा किक्कार (जुनं वजन) चांदी, सहा हजार सोन्याची नाणी आणि दहा पोशाख घेऊन येतो. संदेष्टा अलीशा दारातही येत नाही; निरोप धाडतो, यार्देन नदीत सात वेळा स्नान कर. नामान भडकतो, आमच्या दिमिष्काच्या (दमास्कसच्या) नद्या काय वाईट? चाकर विचारतात, अवघड काही सांगितलं असतं तर केलं नसतं का? तो नदीत उतरतो आणि बरा होतो, पण त्याला पटलं होतं असं कुठे लिहिलेलं नाही.

पानोपान:
‘प्रीती’ भावना म्हणून वाचू नका. लूक ६:२७-२८ मध्ये कामंच दिलीत: बरं करा, आशीर्वाद द्या, प्रार्थना करा. प्रार्थनेपासून सुरुवात करा. एकच माणूस, नाव घेऊन, रोज, आठवडाभर. ‘देवा, त्याला अक्कल दे’ ही तक्रार झाली; त्याची आजची गरज मागा. आणि प्रीती म्हणजे अन्याय गिळणं नव्हे. बेकायदा फटके मारणाऱ्या फिलिप्पैच्या अधिकाऱ्यांना पौलाने स्वतः येऊन आम्हाला तुरुंगाबाहेर न्या, असं ठणकावलं होतं (प्रेषितांची कृत्ये १६:३७).

जिज्ञासू:
आणि प्रार्थना करतानाही मन साथ देत नसेल तर?

साधीवाट:
तेही सांगून टाका. मार्क ९:२४ मधला, पीडित मुलाला येशूकडे घेऊन आलेला बाप एका दमात म्हणतो, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा. येशू त्याला थांबवत नाही, मुलाकडे वळतो.