स्वॉर्डटेलची पिल्ले वाचवावीत कशी?

प्रश्न: माझ्या ८० लिटरच्या टाकीत स्वॉर्डटेल या शोभेच्या माशाचे दोन नर आणि तीन माद्या आहेत. गेल्या आठवड्यात एका मादीने रात्री पिल्ले दिली, पण सकाळी त्यांतली जेमतेम चार उरली होती. शिवाय दोन्ही नर दिवसभर एकमेकांचा पाठलाग करतात. काय करावे?

प्रतिसाद १: पिल्ले मोठ्या माशांनीच, कदाचित आईनेही, खाल्ली असावीत. मादीला पिल्लांच्या जाळीत (पिल्ले देईपर्यंत तिला वेगळे ठेवायच्या टाकीतल्या छोट्या कप्प्यात) दिवसेंदिवस कोंडणे मला पटत नाही, कारण त्या ताणाने ती अकाली पिल्ले देऊ शकते. त्यापेक्षा टाकीच्या एका कोपऱ्यात जावा मॉस (पाण्यात वाढणारे शेवाळासारखे रोप) आणि पृष्ठभागावर तरंगती वनस्पती दाट वाढू द्या, म्हणजे पिल्लांना लपायला जागा मिळेल. नर मात्र एकच ठेवा.

प्रतिसाद २: हे मासे मूळचे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतले असून त्यांना किंचित अल्कधर्मी, जड (जास्त क्षारांचे) पाणी मानवते. तुमचे पाणी मृदू (कमी क्षारांचे) असेल, तर गाळणीत थोडा कोरलचा (प्रवाळाचा) चुरा ठेवून पाहा. टाकीला झाकण हवेच, कारण हे मासे उड्या मारण्यात पटाईत असतात.

प्रश्नकर्ता: मनापासून आभार. दोन्ही नर काढले, तर पिल्ले होणे थांबेल का?

प्रतिसाद १: लगेच नाही. मादी नराचे शुक्राणू शरीरात साठवून ठेवते आणि एकाच मीलनानंतर साधारण चार-चार आठवड्यांच्या अंतराने अनेकदा पिल्ले देऊ शकते. उरलेल्या चार पिल्लांना बारीक कुस्करलेले खाद्य दिवसातून तीन-चार वेळा, पण अगदी चिमूटभरच द्या.