सगळ्या युनिट टेस्ट पास, तरी पट्टी चुकली

बोरीकाठ:
अमळनेरातल्या एका अडत्यासाठी काटा आणि हिशोबपट्टीचं सॉफ्टवेअर लिहिलंय, एकट्यानेच. युनिट टेस्ट (एकेक भाग सुटा तपासणाऱ्या) 64, सगळ्या हिरव्या, म्हणजे पास. पहिल्याच दिवशी एका बाबांनी पट्टी हातात घेतली, कपाळावरचा चष्मा खाली ओढला नि विचारलं, "मना 42 किलो हरभरा कथा गया?" (माझा हरभरा कुठे गेला?) पोती 42 होती. काट्याचं मॉड्यूल पोत्यामागे 1 किलो बारदान, म्हणजे रिकाम्या पोत्याचं वजन, कापतं. पट्टीचंही कापतं! क्विंटलला 5,600 च्या भावाने 2,352 रुपये कमी. शेठ काहीच बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.
आता मित्र म्हणतो युनिट, इंटिग्रेशन, सिस्टीम, अ‍ॅक्सेप्टन्स, रिग्रेशन असे पाच स्तर कर. एकट्याने कधी करू?

भुसावळ_डाउन:
भाऊ, आधी एक कमी करा. रिग्रेशन हा स्तर नव्हे. बदल केल्यावर जुनं मोडलं नाही ना, हे कुठल्याही स्तरावर पुन्हा बघायचं, एवढंच.
तुमची चूक इंटिग्रेशनची, म्हणजे भाग एकमेकांना जोडण्याची. दोघं आपापल्या घरी खरे, भांडण सांध्यावर. 1999 मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर असंच गेलं. एक सॉफ्टवेअर पाउंडाच्या मापात आकडे देत होतं, दुसरं ते न्यूटनचे समजत होतं. तुमचा हरभराच गेला, तोही सापडला.
व्हेरिएबलचं नाव नुसतं 'वजन' नको, 'निव्वळ_वजन' ठेवा. मग दोन्ही खरी मॉड्यूल जोडून बाबांचीच पट्टी टेस्ट करा: भरलेलं 2,142, निव्वळ 2,100, हमाली-तोलाईआधी 1,17,600 रुपये.

बोरीकाठ:
सापडलं! पट्टीच्या टेस्टमधला मॉक (टेस्टपुरता खोटा) काटा भरलेलं वजन द्यायचा, खरा काटा निव्वळ देतो. म्हणून सगळं हिरवं.

पांझरा_धुळे:
सिस्टीम टेस्ट, म्हणजे सगळं एकत्र चालवून बघणं, घरच्या लॅपटॉपवर करू नका. दुकानातलाच कॉम्प्युटर, खरा काटा, खरा प्रिंटर. पट्टी छापताना मेन स्विच पाडा. (मे महिन्यात लाइट हे काम फुकटात करते.) माझ्याकडे लाइट आल्यावर तीच पट्टी दोनदा निघाली होती, दोन्हींवर वेगळा नंबर.
आणि अ‍ॅक्सेप्टन्स (वापरणाऱ्याला हे चालतंय का, ही टेस्ट) तुम्ही करायचीच नाही. मुनीमजींना बसवा, आठवडाभर वही आणि कॉम्प्युटर दोन्ही चालू द्या. आमच्या मुनीमजींनी पहिल्या तासातच विचारलं, "शेवटचं पोतं अर्धंच भरलंय, ते कसं लिहू?" त्यांनी 41.5 टाकलं आणि प्रोग्रामने बारदानही अर्धंच कापलं. पोतं तर अख्खंच होतं.

बोरीकाठ:
माझ्याकडे तो रकाना 41.5 घेतच नाही. उद्या दुकान उघडायच्या आधी जातो.