मदत हवी आहे: ईएसआरमध्ये मॉड्युलेशन किती ठेवावं? टेम्पॉलच्या रेषा फुगताहेत

पाटीपेन्सिल

नमस्कार मंडळी. एक्स-बँड ईएसआरवर (इलेक्ट्रॉन स्पिन रेझोनन्स) पाण्यातल्या टेम्पॉलचा (एक स्थिर मुक्तमूलक) स्पेक्ट्रम घेतो आहे. द्रावण ५ मायक्रोमोलर, काचेच्या केशनळीत साधारण ५० मायक्रोलिटर. मायक्रोवेव्ह ९.८ गिगाहर्ट्झ, पॉवर १ मिलिवॉट, मध्य ३४९१ गॉस, स्वीप १०० गॉस ४० सेकंदांत, टाइम कॉन्स्टंट (नॉइज गाळणाऱ्या फिल्टरचा वेळ) १.२८ सेकंद, मॉड्युलेशन (चुंबकीय क्षेत्राचं मागेपुढे हलणं) १०० किलोहर्ट्झ, ५ गॉस.

तीन रेषा मिळतात आणि त्यांच्यातलं अंतर १७ गॉसच्या आसपास, म्हणजे ठीक आहे. पण एकेका रेषेची पीक-टू-पीक (वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंतची) रुंदी ४ गॉसच्या वर भरते. हवेतल्या ऑक्सिजनने होणारी वाढ धरूनही ती दीडएक गॉस असायला हवी ना? शिवाय प्रत्येक रेषेचा वरचा भाग उंच, तर खालचा उथळ आणि उजवीकडे ओढल्यासारखा दिसतो. ५ गॉसला सिग्नलची उंची सगळ्यात जास्त येते म्हणून ते निवडलं. ०.५ वर आणलं की रेषा नॉइजमध्ये बुडतात.

दुसरा प्रश्न: स्पिनची (अयुग्मित इलेक्ट्रॉनांची) संख्या मोजायला घन डीपीपीएच (आणखी एक मुक्तमूलक) प्रमाण म्हणून घेतलं, त्याला मॉड्युलेशन १ गॉस होतं. दोन्ही क्षेत्रफळांची तुलना चालेल का?

गॉसवाला

नमुना निर्दोष आहे. ५ मायक्रोमोलरला रेणू एकमेकांवर आपटून रेषा रुंदावण्याचा प्रश्नच येत नाही, ते मिलिमोलरच्या घरात सुरू होतं. तुमच्याकडे दोन वेगळे दोष एकावर एक बसले आहेत.

पहिला मॉड्युलेशनचा. सिग्नल उचलणारा लॉक-इन ॲम्प्लिफायर काय करतो? चुंबकीय क्षेत्र थोडं मागेपुढे हलतं, त्या हलण्याच्या वारंवारितेवर शोषण किती बदललं तेवढंच तो उचलतो. हलणं रेषेच्या मानाने लहान असेल तर हा बदल म्हणजे उतार, म्हणून आपल्याला फर्स्ट डेरिव्हेटिव्ह दिसतो. हलणं मोठं झालं की तिसऱ्या डेरिव्हेटिव्हची भेसळ सुरू होते आणि ती मॉड्युलेशनच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

लोरेन्झियन रेषेसाठी याचं नेमकं सूत्र आहे. मॉड्युलेशन (पीक-टू-पीक) भागिले खरी रेषारुंदी (पीक-टू-पीक) याला ब म्हणा. दिसणारी रुंदी भागिले खरी रुंदी, या गुणोत्तराचा वर्ग = ब² + ५ − २√(४ + ब²). आकडे घालून बघा: ब ०.३ असेल तर रुंदी २ टक्के वाढते, ०.५ ला ६ टक्के, १ ला २४ टक्के. तुमची खरी रुंदी १.६ धरली तर ब ३.१ येतो आणि दिसणारी रुंदी ४.३ गॉस. तुम्ही मोजलीत तेवढीच.

उंचीवरून मॉड्युलेशन निवडायची चूक फार ठिकाणी होते, कारण उंची जिथे कमाल असते तो बिंदू ब ३.५ च्या जवळ आहे. तिथे रेषेचा आकार पार गेलेला असतो. आकार, रुंदी किंवा सूक्ष्म विभाजन हवं असेल तर ब ०.३ च्या पुढे जाऊ नका, म्हणजे तुमच्यासाठी ०.५ गॉस. फक्त 'किती आहे' एवढंच हवं असेल तर १ गॉसही चालेल, रुंदी साडेनऊ टक्के वाढेल. आणि तुमच्या यंत्रावरचा आकडा पीक-टू-पीक आहे की निम्मा, हे मॅन्युअलमध्ये बघा, नाहीतर सगळा हिशोब दुपटीने चुकतो.

शून्यरेषा

दुसरा दोष टाइम कॉन्स्टंटचा, उजवीकडे ओढलेली शेपटी त्याचीच. १०० गॉस ४० सेकंदांत म्हणजे २.५ गॉस दर सेकंदाला. १.६ गॉसची रेषा ०.६४ सेकंदात पार होते आणि फिल्टर १.२८ सेकंदांचा! तो वरचा भाग अजून विसरलेला नसतो तोवर खालचा येऊन जातो. म्हणून खालचं टोक उथळ पडतं आणि बाकीचं पुढे सांडतं. खात्री करायची तर इतर काही न बदलता स्वीप चौपट सावकाश करा. तिरकेपणा कमी झाला तर दोष फिल्टरचा. तसाच राहिला तर मायक्रोवेव्ह ट्यूनिंग तपासा, शोषणात डिस्पर्शन (मायक्रोवेव्हच्या फेजमधला बदल) मिसळलं की रेषा अशाच लंगड्या होतात.

नियम: टाइम कॉन्स्टंट हा रेषा पार व्हायला लागणाऱ्या वेळेच्या दहाव्या भागापेक्षा जास्त नको. स्वीप ६० गॉस, ८० सेकंद ठेवा. वेग ०.७५ गॉस दर सेकंद, रेषेला २.१ सेकंद, म्हणून टाइम कॉन्स्टंट ०.१६ सेकंद.

पाटीपेन्सिल

दोघांचेही आभार. पण मॉड्युलेशन दहापट कमी आणि फिल्टर आठपट लहान केल्यावर उरेल काय? आत्ताच रेषा जेमतेम दिसतात.

गॉसवाला

वाटतं तेवढं नुकसान नाही. ५ गॉसला तुम्ही शिखराच्या सपाट भागात आहात, त्यामुळे ०.५ ला उंची दहापट नाही, साधारण ४.३ पट उतरते. फिल्टर आठपट लहान केल्याने नॉइज √८ म्हणजे २.८ पट वाढतो. एकूण १२ पटींचा खड्डा.

तो भरायला आधी पॉवर वापरा. १ मिलिवॉट फार भित्रं आहे. सिग्नल पॉवरच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, तेव्हा १० मिलिवॉटला ३.२ पट मिळतील. पाण्यातला टेम्पॉल तिथवर बहुधा सॅच्युरेट होत नाही (म्हणजे सिग्नल वाढायचा थांबत नाही), पण गृहीत धरू नका: १, २, ५, १०, २० मिलिवॉटला उंची मोजून पॉवरच्या वर्गमुळाविरुद्ध आलेख काढा आणि जिथवर सरळ रेषा आहे तिथेच थांबा. उरले ३.८ पट. १६ स्वीपची सरासरी ४ पट देते. १६ गुणिले ८० सेकंद, म्हणजे २१ मिनिटं. एवढ्यात आत्ताच्या स्पेक्ट्रमइतकंच सिग्नल-नॉइज गुणोत्तर, पण खऱ्या आकाराच्या रेषेवर.

सरासरी घेताना वारंवारिता सरकायला नको. १ मेगाहर्ट्झ सरकली की रेषा ०.३६ गॉस हलते आणि सरासरीत पुन्हा फुगते. पॉवर वाढवल्यावर पाणी थोडं तापतं, तेव्हा ट्यून करून काही मिनिटं थांबा, मग पुन्हा ट्यून करा. पहिला आणि शेवटचा स्वीप वेगळे साठवून एकमेकांवर ठेवून बघा.

शून्यरेषा

डीपीपीएचबद्दल. मॉड्युलेशन वेगळं असणं ही यातली सगळ्यात किरकोळ अडचण आहे. दुहेरी इंटिग्रेशन केल्यावर येणारं क्षेत्रफळ मॉड्युलेशनच्या सरळ प्रमाणात असतं, रेषा फुगलेली असली तरीही. म्हणून ५ आणि १ ने भागलं की तो भाग मिटला. पॉवरच्या वर्गमुळानेही भागा, आणि स्वीपची सरासरी न घेता बेरीज केली असेल तर त्यांच्या संख्येनेही.

खरी अडचण पाण्याची. पाणी मायक्रोवेव्ह गिळतं, कॅव्हिटीचा (नमुना ठेवायच्या पोकळीचा) क्यू, म्हणजे ऊर्जा साठवायची क्षमता, उतरतो आणि कोरड्या डीपीपीएचच्या नळीला तो उतरत नाही. नमुन्याची लांबी आणि जागाही वेगळी. यात दुपटीचा फरक सहज पडतो. त्यापेक्षा टेम्पॉलचीच प्रमाण द्रावणं करा: १७.२ मिलिग्रॅम १० मिलिलिटर पाण्यात म्हणजे १० मिलिमोलर, त्याचं शंभरपट विरलन १०० मायक्रोमोलर आणि त्यातून ५०, २०, १०, ५, २. त्याच व्यासाची केशनळी, स्तंभाची तीच उंची, नळी कॅव्हिटीत तितकीच खोल. क्षेत्रफळासाठी मात्र स्वीप १०० गॉसच ठेवा, वेग तोच हवा म्हणून वेळ १३३ सेकंद. लोरेन्झियनच्या शेपट्या लांब असतात, ६० गॉसला त्या कापल्या जातात. बेसलाइन दोन्ही इंटिग्रेशनच्या आधी सरळ करा, किंचित उतार राहिला तरी दुसऱ्या इंटिग्रेशनमध्ये त्याचा डोंगर होतो.

तरंगलांबी

ईएसआरवाला नाही, डायोड लेझरने वायूंचं शोषण मोजतो, पण गणित हुबेहूब तेच. आमच्याकडे मॉड्युलेशन भागिले अर्धरुंदी असं मोजतात: पहिल्या हार्मोनिकला (मॉड्युलेशनच्याच वारंवारितेवरच्या सिग्नलला) कमाल २ ला, दुसऱ्याला (दुप्पट वारंवारितेवर) २.२ ला. वरचा ३.५ हा तोच २ आहे, फक्त रुंदीची व्याख्या वेगळी. आम्ही मात्र मुद्दाम कमालीवरच बसतो, कारण आम्हाला आकार नाही, प्रमाण हवं असतं. तिथे मॉड्युलेशन थोडं इकडेतिकडे झालं तरी सिग्नल हलत नाही.

पाटीपेन्सिल

१०० किलोहर्ट्झ बदलावं का? साइडबँडमुळे (मॉड्युलेशनमुळे रेषेच्या दोन्ही बाजूंना उमटणाऱ्या प्रतींमुळे) रेषा रुंदावते असं ऐकलं.

गॉसवाला

तुमच्यासाठी नको. १०० किलोहर्ट्झचे साइडबँड ०.०३६ गॉसवर पडतात, १.६ गॉसच्या रेषेला त्याचं सोयरसुतक नाही. ऑक्सिजन काढलेल्या द्रावणातल्या ट्रायटिल मुक्तमूलकासारख्या अगदी अरुंद रेषा असतील तर २५ किंवा १० किलोहर्ट्झवर उतरावं लागतं, आणि तिथे डिटेक्टरचा मंद नॉइज पुन्हा वर येतो. एवढं मात्र करा: यंत्रावरचं मॉड्युलेशन खरं आहे का ते तपासा. घन डीपीपीएचला १० गॉस द्या. त्याची स्वतःची रुंदी २ गॉस असेल तर दिसणारी रुंदी ८.८ च्या आसपास यायला हवी. ७ किंवा ११ आली तर मॉड्युलेशनचं कॅलिब्रेशन नव्याने करून घ्या.