आखाजी (अक्षय्य तृतीया) आणि हक्कसोड (माहेरच्या जमिनीतला आपला वाटा भावांसाठी सोडल्याची सही): तुमचे अनुभव लिहा

बोरीकाठची:
परवा भावाचा फोन. "ताई, आखाजीले येशी तं आधार कार्ड लई ये." आजवर माहेरच्या बोलावण्यात सांजोऱ्या असायच्या, झोका असायचा. आधार कार्ड पहिल्यांदाच. धाकटी आत्या आठवली. रजिस्टर कचेरीबाहेर निंबाखाली बसलेली, अंगठ्याला शाई, काका उसाचा रस आणून देतायत. मी विचारलं तर म्हणे, "माहेर राह्यनं पाहिजे ना माय." तुमच्याकडे काय झालं?

पांझरा७४:
मी केली सही. भाऊ चांगलाय हो, वहिनीपण. फक्त त्या वर्षापासून साडी जरा हलकी येते 😀

शेतकीण:
माझं लग्न ९३चं. १९९४ला महाराष्ट्राने वडिलोपार्जित जमिनीत मुलींना वाटा दिला, पण आधी लग्न झालेल्या त्यात नव्हत्या. २००५ला दिल्लीने ती अट काढली, मला कोण सांगणार? भाऊ म्हणे वडील ९८लाच गेले, तुझा संबंध नाही. २०२०ला सुप्रीम कोर्ट म्हणालं, मुलीचा हक्क जन्माने, २००५ला वडील हयात नसले तरी. तो निकाल छापून नेला. चहा मिळाला. दावा चालू आहे.

माजी_सरपंच:
२०११पासून पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या, त्यात मी सरपंच झाले. गावाच्या कागदांवर सह्या माझ्या, घरच्या सातबाऱ्यावर नाव नाही. ग्रामसेवक फोन करायचा तोही ह्यांना!!

कापूसवाला:
भावांचं पण ऐका. दोन बहिणींच्या लग्नाचं कर्ज मी फेडलं, आईचं दुखणं मीच काढतोय. तीन एकर कोरडवाहू. वाटे पाडून कोणाचं भलं?

बोरीकाठची:
दादा, आईचं मान्य. पण लग्नातला हुंडा आमच्या हातात नाही आला, सासरी गेला. तो आमचा वाटा कसा?

कापूसवाला:
हं.

चोपडेकरीण:
आपल्याच जळगाव जिल्ह्यातलं विटनेर विसरलात? शेतकरी महिला आघाडीच्या जोरात तिथे पंचायतीवर सगळ्या बायका निवडून आल्या. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत नवऱ्यांनी स्वतःहून बायकांच्या नावे जमीन केली. ते ऐकून सासूबाईंनी सासऱ्यांचं डोकं खाल्लं. मिळाला अर्धा एकर, तोही बरड 😂 पण त्यातल्या निंबोण्यांचे पैसे त्यांनी कधी कोणाला मोजू दिले नाहीत.

पांझरा७४:
सांजोऱ्या तेलात फुटतात माझ्या. उपाय?

माजी_सरपंच:
सारण ओलं राहत असेल. रवा नीट भाजा, कडा दाबा.

शेतकीण:
एसटीत अर्धं तिकीट झालंय, आखाजीला सगळ्या या. अर्ध्या शेताचं नंतर बघू 😀

नवीन_सून:
सातबारा मोबाईलवर दिसतो ना? गट नंबर भावालाच विचारावा लागेल 🤦‍♀️

माजी_सरपंच:
नको विचारू. महाभूलेख या सरकारी साइटवर नावाने शोधता येतं. जिल्हा, तालुका, गाव, मग आडनाव.

नवीन_सून:
माहेरचं की सासरचं?

माजी_सरपंच:
वडिलांचं गं.

नवीन_सून:
बरं. गिरणीत दळण टाकलंय, ते आणते. रात्री बघते.