दोन हजारांचं ड्रिल: मशीन वाईट की भिंत चुकीची?

लाकूडफाटा
स्वस्त इम्पॅक्ट ड्रिलबद्दल ग्राहकांची ठरलेली तक्रार असते: दोन भोकं पाडली, धूर निघाला, पैसे पाण्यात. मला ही तक्रार अर्धवट वाटते. दीड-दोन हजारांचं, ५००-६०० वॅटचं, १३ मिमी चकचं (चक म्हणजे भोक पाडणारा बिट धरणारा जबडा) मशीन घरकामाला पुरतं. ते जळतं ते रेटल्यामुळे. आतला पंखा मोटरच्याच दांड्यावर असतो. अंगाचा भार टाकला की फेरे उतरतात, पंखा मंदावतो, करंट वाढतो आणि आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) तापतं. १०-१५ सेकंद चालवा, बिट बाहेर ओढून भुकटी पाडा, पुन्हा घाला. दर दोन-तीन भोकांनंतर मशीन अर्धा मिनिट मोकळं फिरवा. बंद करून ठेवण्यापेक्षा मोकळं फिरवल्याने लवकर गार होतं.

चौथा_मजला
विटेच्या भिंतीला हे सगळं लागू. पण पुण्या-मुंबईच्या नव्या टॉवरमध्ये वीट आहे कुठे? मायव्हान शटरिंगच्या (ॲल्युमिनियमच्या साच्यात भिंती ओतायच्या पद्धतीच्या) इमारतीत खोल्यांमधल्या भिंतीसुद्धा ओतीव काँक्रीटच्या, आत सळईची जाळी. तिथे पडद्याच्या एका रॉडसाठी ६ मिमीची चार भोकं पाडायची तर तुमचं इम्पॅक्ट ड्रिल रडतं. यात ग्राहकाची चूक काय? खोक्यावर ‘काँक्रीट १३ मिमी’ छापलेलं असतं, तो तेच वाचून घेतो.

कारण यंत्रातच आहे. इम्पॅक्ट ड्रिलमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासून उड्या मारतात. ठोके मिनिटाला हजारोंनी, पण प्रत्येक ठोका अगदी हलका, आणि तोही तुम्ही दाबाल तेवढाच. रोटरी हॅमरमध्ये पिस्टन हवा दाबतो आणि ती हवा आतला हातोडा फेकते. ठोके कमी, पण प्रत्येक ठोका दोन-तीन ज्यूलचा. हाताने फक्त दिशा द्यायची. एसडीएस प्लस बिटवालं (खाचांच्या दांड्याचा बिट थेट अडकतो असं), २६ मिमीपर्यंत भोक पाडणारं साधं मशीन तीन-चार हजारांत मिळतं. काँक्रीटच्या घरात तेच घ्यावं, दोन हजार आधी वाया घालवू नयेत.

लाकूडफाटा
ओतीव भिंतीचा मुद्दा मान्य. पण सरसकट रोटरी हॅमर सुचवणं मला पटत नाही. तीन किलोचं धूड घेऊन स्टुलावर उभं राहणं घरच्या माणसाला धोक्याचं. चार इंची विटेच्या भिंतीत त्याचा ठोका पलीकडचं प्लास्टर पत्र्यासारखं सोलून काढतो. शिवाय लाकूड-लोखंडाला अडॅप्टरवर चक लावावा लागतो, तो डुगडुगतो आणि भोक मोठं होतं. इम्पॅक्ट ड्रिलचा हॅमर (म्हणजे ठोके) बटणाने बंद केला की ते कपाटाच्या बिजागरीलाही चालतं.

जांभाचिरा
रत्नागिरीकडच्या चिऱ्याच्या घरांचं दोघांनीही धरलं नाही. जांभ्याला ठोका लागतच नाही. हॅमर चालू ठेवला तर कड ढासळते आणि ८ मिमीच्या भोकात प्लग (स्क्रू धरणारी प्लास्टिकची नळी) गरगर फिरतो. हॅमर बंद, ७ मिमीचा बिट, मग ८ चा प्लग हलक्या हाताने ठोकायचा. भोक पोकळ लागलं तर सिमेंटची घट्ट पेस्ट भरून प्लग बसवा आणि स्क्रू दुसऱ्या दिवशी पिळा. एएसी ब्लॉकलाही (हलक्या, सच्छिद्र सिमेंटच्या ठोकळ्याला) हॅमर बंदच. त्यात टीव्हीचा ब्रॅकेट साध्या ३० मिमी प्लगवर टांगू नका, लांब नायलॉन प्लग लागतो.

गरमबिट
बिट लाल झाला की पाण्यात बुडवायचा, एवढं केलं तरी स्वस्त मशीन काँक्रीटमध्ये चालतं.

चौथा_मजला
हे कृपया कुणी करू नका. टोकाला कार्बाइडचा तुकडा झाळलेला असतो. लालबुंद बिट पाण्यात गेला की कार्बाइडला तडे जातात आणि पुढच्या भोकात टोक निखळतं. हवेतच गार होऊ द्या. आणि बिट लाल होतोय याचाच अर्थ तो कापत नाहीये, नुसता घासतोय: एक तर टोक बोथट झालंय, नाहीतर सळई लागलीय. सळईला सिमेंटचा बिट रेटायचा नाही, भोक इंचभर सरकवायचं. ओतीव भिंतीत वायरचे पाइपही आतच असतात, म्हणून स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली हात लावायचा नाही.

लाकूडफाटा
यावर माझं दुमत नाही. मग घेताना काय बघायचं तेही सांगतो. कार्बन ब्रशची (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणाऱ्या, घासून झिजणाऱ्या तुकड्यांची) टोपी बॉडीच्या बाहेरून स्क्रूने उघडते का? उघडत असेल तर घासलेली जोडी पाच मिनिटांत बदलता येते. ब्रश ५-६ मिमी उरला की बदलाच. तसंच चालवलं की ठिणग्या वाढतात, कम्युटेटर (ब्रश ज्यावर घासतो तो तांब्याचा भाग) खरवडतो आणि खर्च आर्मेचरवर जातो. दोन पिनांचा प्लग पाहून ‘अर्थिंग वाचवलं’ असं लोक लिहितात, ते चूक आहे. प्लेटवर चौकोनात चौकोन असेल तर ती दुहेरी इन्सुलेशनची खूण, अशा मशीनला अर्थिंग लागतच नाही.

जांभाचिरा
त्यात एक्स्टेन्शन बोर्डही धरा. बारीक वायरीच्या गुंडाळीवर ड्रिल चालवलं की गुंडाळी तापते, मशीनला व्होल्टेज कमी पडतं आणि माणूस ताकद नाही म्हणून आणखी दाबतो. दीड स्क्वेअर मिमीची वायर, पूर्ण उलगडून. छताला भोक पाडताना प्लास्टिकच्या वाटीच्या तळाला भोक पाडून ती बिटवर ओवा, नाहीतर सगळी भुकटी चकमध्ये आणि झरोक्यांतून मोटरमध्ये जाते.

चौथा_मजला
वाटी रोटरी हॅमरलाही लावा. त्याच्या बिटच्या दांड्याला मात्र दर वेळी पुसून थोडं ग्रीस लागतं, कोरडा घातला तर बिट धरणारी नळी आतून झिजते.