अनुभव धागा : प्रोस्टेटच्या कर्करोगाचे उपचार चालू असताना आहार, व्यायाम, योग यांचा तुम्हाला कितपत आधार झाला?

कोथरूडकर

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर एक लिटरची जुनी बाटली सापडली. तिच्यावर मध्याच्या थोडे वर काळ्या मार्करची रेघ आहे. २०१९ मध्ये माझे किरणोपचाराचे २८ दिवस झाले, आणि त्यातल्या प्रत्येक दिवशी आधी लघवी करून यायचे, मग त्या रेघेपर्यंतचे पाणी प्यायचे आणि नंबर येईपर्यंत बाकावर थांबायचे, असा नेम होता. कारण भरलेले मूत्राशय आतडी वर सारते आणि किरणांचा मारा त्यांच्यावर कमी होतो. त्या बाकावर आम्ही सहा-सात पुरुष रोज बसत असू. चौथ्या दिवशी शेजारच्या गृहस्थांनी हळूच विचारले, "तुम्हाला धरवतंय ना?" त्या एका प्रश्नानंतर बाक बोलू लागला. कोण गव्हांकुरांचा रस घेतो, कोणी दूध सोडले, कोणाला काढा कोणी दिला, हे सारे तिथे कळले. तसे बोलणे इथे व्हावे, म्हणून हा धागा काढत आहे.

माझ्यापुरते सांगतो. किरणांबरोबर दीड वर्ष दर तीन महिन्यांनी पुरुषी संप्रेरक दाबणारे इंजेक्शन होते. पुण्याच्या जानेवारीत मध्यरात्री अंगातून वाफा निघत, वजन सहा किलोंनी वाढले आणि मांड्यांतली ताकद गेली. थकवा आला की पडून राहावे अशी माझी समजूत होती. डॉक्टरांनी ती मोडून काढली आणि या थकव्यावर व्यायामासारखा दुसरा उपाय नाही, असे बजावले. मग अशाच दोन बाटल्या भरून दोन्ही हातांत घेऊ लागलो, खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठू लागलो आणि संध्याकाळी अर्धा तास चालू लागलो. पहिले तीन आठवडे काहीच फरक जाणवला नाही. दुसऱ्या महिन्यात जिना चढताना कठडा धरावा लागत नाही, हे माझ्याआधी पत्नीच्या लक्षात आले. या इंजेक्शनांनी हाडे विरळ होतात, म्हणून हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करून कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व सुरू केले. रात्रीच्या जेवणात नाचणीची भाकरी आली, ती आजही आहे.

मिरजेची सून

काका, आमच्याकडे काढ्यावरूनच मोठा पेच झाला होता. सासरे ७४ वर्षांचे असून त्यांना याच आजारासाठी, पुरुषी संप्रेरक दाबणाऱ्या अबिराटेरोनच्या गोळ्या चालू आहेत. एका नातेवाइकांनी गुळवेलीचा काढा सुचवला आणि त्यांनी तो कोणालाही न सांगता दीड महिना घेतला. तपासणीत यकृताची एन्झाइमे वाढलेली निघाली. अबिराटेरोननेही ती वाढू शकतात आणि गुळवेलीमुळे यकृताला इजा झाल्याची काही प्रकरणे मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवली होती; त्यामुळे दोष नेमका कशाचा हे ठरवता येईना आणि मूळ औषधच काही आठवडे थांबवावे लागले. काढ्याने अपाय झाला असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पण तो लपवल्यामुळे उपचार अडला हे नक्की. आता फडताळात जे जे आहे त्याची यादी करून मी प्रत्येक भेटीला नेते आणि डॉक्टरही ती न रागावता वाचतात.

या गोळ्या रिकाम्या पोटी घ्याव्या लागतात, खाल्ल्यानंतर किमान दोन तासांनी आणि पुढच्या खाण्याच्या एक तास आधी. सासऱ्यांना डोळे उघडताच चहा लागतो. म्हणून आमच्या घरात पहाटे पाचला गोळ्या आणि सहानंतर चहा, असा क्रम बसला आहे. त्यांच्या जोडीने दिलेली स्टेरॉइडची गोळी मात्र खाऊन घ्यायची असते, ती पोह्यांनंतर.

निवृत्त मास्तर, ठाणे

माझी प्रोस्टेट ग्रंथी शस्त्रक्रियेने काढली. कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, निघाल्यावर खोकलो तरी कपडे ओले होत. मी तीस वर्षे योगासने करत आलो आहे, त्यामुळे मूलबंध, म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळून वर ओढणे, आपल्याला येतोच अशा भरवशावर होतो. फिजिओथेरपिस्ट बाईंनी तपासून सांगितले की मी श्वास रोखून नितंब आवळत होतो आणि जो स्नायू उचलायचा तो जागचा हलतही नव्हता. वायू अडवताना जो आतून वर ओढला जातो तो स्नायू, श्वास मोकळा ठेवून, पाच मोजेपर्यंत धरायचा आणि तितकाच वेळ पूर्ण सैल सोडायचा. हे सैल सोडणेच मला सर्वांत अवघड गेले. दिवसाला चार पॅड लागत, ते तीन महिन्यांत एकावर आले. अमेरिकेतल्या डॉक्टर केगल यांनी १९४८ मध्ये हे व्यायाम बाळंतपणानंतरच्या स्त्रियांसाठी मांडले होते. ज्यांची शस्त्रक्रिया व्हायची आहे त्यांनी ते आधीच शिकून घ्यावेत. मला ते कोणी आधी सांगितले नाही, याचे वाईट वाटते.

सोलापूरचा शेतकरी

माझा आजार मंद प्रकारचा आहे, ग्लीसन ६ (पेशी किती आक्रमक दिसतात त्याचा अंक), म्हणून उपचार न करता ठरावीक काळाने पीएसए (प्रोस्टेटमधून रक्तात येणाऱ्या प्रथिनाची तपासणी), एमआरआय आणि गरज पडली तर बायोप्सी अशी देखरेख चालू आहे. घरची डाळिंबे असल्याने प्रत्येक पाहुणा मला रस प्यायला सांगतो. २००६ मध्ये उपचार होऊन गेलेल्या रुग्णांवरच्या एका छोट्या अभ्यासात हा रस घेतल्यावर पीएसए वाढण्याचा वेग मंदावल्याचे दिसले होते, परंतु त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. २०१५ मध्ये तसा गट ठेवून केलेल्या चाचणीत ठळक फरक आढळला नाही. अमेरिकेत माझ्यासारख्याच देखरेखीखालच्या चारशेहून अधिक पुरुषांना दोन वर्षे भरपूर भाज्या खाण्यास प्रवृत्त केले गेले, त्याचा निष्कर्ष २०२० मध्ये आला आणि आजार पुढे सरकण्याच्या प्रमाणात फरक पडला नव्हता. हे वाचून मी दोन दिवस खिन्न होतो. नंतर डॉक्टर म्हणाले की तुमच्या वयात हृदयविकाराचा धोका या गाठीपेक्षा मोठा आहे, आणि भाजी-भाकरी त्यासाठी हवीच आहे. म्हणून चालणे, भाजी, कमी तेल हे सारे सुरू आहे. डाळिंबही खातो, पण औषध म्हणून नव्हे.

धाकटा भाऊ, न्यू जर्सी

साताऱ्यातल्या दादासाठी मी इथून ई जीवनसत्त्व आणि सेलेनियमच्या कॅप्सूल पाठवत असे. इथल्या डॉक्टरांनी सेलेक्ट नावाच्या चाचणीविषयी सांगितले तेव्हा हादरलो. ३५ हजारांहून अधिक निरोगी पुरुषांवर २००१ पासून ती चालली. हा कर्करोग टळावा म्हणून दिलेल्या ई जीवनसत्त्वाने त्याचे प्रमाण उलट १७ टक्क्यांनी वाढल्याचे २०११ मध्ये स्पष्ट झाले. दादाला आधीच आजार होता, त्यामुळे ते आकडे त्याला जसेच्या तसे लागू होत नाहीत, तरी मी त्याच रात्री फोन करून कॅप्सूल बंद करायला लावल्या. आता दर रविवारी तो तिकडे संध्याकाळी आणि मी इकडे सकाळी फोन कानाला लावून बरोबर चालतो.

नागपूरहून, पत्नी

मास्तर, तुम्ही कपडे ओले होण्याविषयी मोकळेपणाने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. माझ्या यजमानांनी त्याच कारणाने लग्नकार्यांना जाणे सोडले होते आणि इंजेक्शनांमुळे शरीरसंबंधांची इच्छा मावळली तेव्हा त्यांनी आपली गादी दुसऱ्या खोलीत नेली. मला ते रागावले आहेत असे वाटे, त्यांना मी दुरावले असे वाटे, आणि असे आठ महिने गेले. समुपदेशक बाईंनी आम्हा दोघांना समोर बसवून हा औषधाचा परिणाम आहे एवढेच सांगितले, तेव्हा ते माझ्यासमोर पहिल्यांदा रडले. गादी त्याच रात्री परत आली. आता आम्ही रोज झोपण्यापूर्वी पंधरा मिनिटे दिवा मालवून प्राणायाम करतो. त्याने पीएसएवर काय होते याचा मी विचारही करत नाही. त्यांना झोप लागते.

नवीन सभासद

सर्व वाचले, फार धीर आला. बाबांचे किरणोपचार सोमवारपासून आहेत. काका, बाटलीवर रेघ कुठे ओढायची?

कोथरूडकर

माझी रेघ तुम्हाला उपयोगी पडणार नाही, प्रत्येकाचे प्रमाण वेगळे असते. नियोजनाच्या स्कॅनच्या दिवशी बाबांनी किती पाणी प्यायले आणि किती वेळ थांबले हे तिथल्या तंत्रज्ञांना विचारा, तेवढे पाणी मोजून ओता आणि मग रेघ ओढा. आदल्या दिवशी पोट साफ होईल असे पाहा, कारण गॅस झाला की ग्रंथी जागची सरकते; मला वाल आणि हरभऱ्याची उसळ तेवढे दिवस बंद होती. आणि बाकावर शेजारी कोणी गप्प बसलेले असेल, तर बाबांना त्यांच्याशी बोलायला सांगा.